अंतऱ्यातलं नाव

भोसरी
६ एप्रिल

ताहेरास,

वर मायना घातलेला नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. 'अनेक आशीर्वाद' लिहायला हात रेटेना आणि 'सप्रेम नमस्कार' लिहावा एवढी तू मोठी नाहीस. मी जयमाला, तुझ्या गुरुजींची बायको. शाळेत होतीस तेव्हापासून आमच्या घरी गाणं शिकायला यायचीस आणि एके दिवशी न सांगता-सवरता यायची बंद झालीस. ते घर अजून तिथंच आहे, फक्त पत्रे काढून स्लॅब टाकलाय.

पत्ता तुझ्या धाकट्या भावाकडून, रिझवानकडून घेतला. काळेवाडीला त्याच्या गॅरेजवर गेले होते. फोन नंबर मागितला तर कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "नंबर नका मागू काकू, आपाने मना केलंय. पत्ता लिहून घ्या हवं तर." म्हणजे कुणीतरी नंबर मागायला येणार हे आपाला आधीच ठाऊक होतं. मी काय ते समजले.

विषय असा की यांच्यावर फिल्म निघते आहे. गाण्याबजावण्याचा सिनेमा नव्हे, माहितीपट. दिव्या नावाची पुण्याची मुलगी आहे, केस पोरासारखे ठेवते पण वागायला चांगली. मे महिन्यात जवळच्या प्राधिकरण भागात उन्हाळी संगीत महोत्सव असतो, त्यात यंदा यांचं गाणं आणि सत्कार आहे. तिथलं शूटिंग झालं की फिल्म पुरी. जन्मभर कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट देता-घेता या माणसाने बंदिशी बांधल्या. मोठ्या गवयांनी त्या गायल्या, पण बांधणारा कोण म्हणून विचारत भोसरीपर्यंत कुणी आलं नाही. आता पंचाहत्तरीला कॅमेरा दारात आलाय. मला आनंद नसेल का? मी सोफ्याची कव्हरं नवी शिवली.

पण पहिल्याच दिवशी चहा घेता घेता त्या मुलीने विचारलं, "काकू, या ताहेरा कोण? आता कुठे असतात?"

मी म्हटलं, तुला हे नाव कुठून कळलं? तर म्हणे जुन्या कार्यक्रमाच्या फोटोत तू तंबोऱ्यावर दिसतेस, मागे पेनने नाव आहे, फोटोतल्या सगळ्यांचीच चौकशी करतोय. सगळ्यांची काय! त्याच फोटोत दात दाखवत बसलेला तबलजी आहे, त्याचं एका शब्दाने विचारलं नाही.

आणि हे! तुझं नाव ऐकलं तसा यांनी हातातला कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाले, "होती एक विद्यार्थिनी. लग्न झालं तिचं." एवढं बोलून गॅलरीत गेले. गॅलरीत काय आहे? समोरच्या वर्कशॉपचा धूर आहे.

तर मला एवढंच सांग. त्या मुलीला तू काही कळवलंस का? यांना फोन करतेस का? हल्ली हे रोज दाढी करतात.

जयमाला


भोसरी
१५ एप्रिल

ताहेरा,

तुझं उत्तर नाही. नसलेलंही उत्तरच असतं.

पहिल्या पत्रात मी जरा आडपडद्याने लिहिलं. आता पडदा राहिला नाही, म्हणून सरळ लिहिते.

काल दुपारी ती मंडळी आली होती. सोबत ज्ञानेश होता. हा यांचा आत्ताचा शिष्य, चाकणला कंपनीत इंजिनिअर आहे, सुट्टीच्या दिवशी येतो आणि यांच्या बंदिशी लिहून काढतो. फिल्मचं नाव ठरलं, असं दिव्या म्हणाली. नाव आहे 'ताहि रे'. सारंगातली ती बंदिश, जिच्यामुळे यांना चार लोक ओळखतात.

मला रागदारी कळत नाही, पण या घरात राहून काही गोष्टी भिंतींनासुद्धा कळतात. बंदिश बांधणारा अंतऱ्यात आपलं नाव घालतो. हे उद्धव, म्हणून यांच्या सगळ्या बंदिशींत 'ऊधो' येतो. 'कहत ऊधो', 'ऊधो के मन'. स्वयंपाक करताना मी त्या ऊधोची वाट बघायचे. तो आला की बंदिश संपत आली, पोळ्या टाकायला हरकत नाही.

फक्त या एकाच बंदिशीत ऊधो नाही. त्यावर दिव्याने एवढं सुंदर काही सांगितलं, की मलाही क्षणभर खरं वाटलं. म्हणे, "जाको ढूँढे सगरी नगरी, ताहि रे पायो मन माँही. जग ज्याला शोधतंय, त्याला मी मनातच गाठलं. इथे गुरुजींनी स्वतःचं नावसुद्धा पुसून टाकलंय, काकू. अहंकार गळालाय. माझी सगळी फिल्म या न घातलेल्या नावावर उभी आहे."

ज्ञानेशने मान डोलवली. यांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, अहंकार गळालाय तर सकाळी इस्त्रीवाल्याशी का भांडत होते?

मग तिने फोनवर जुनी कॅसेट लावली. महोत्सवाच्या संयोजकांच्या कपाटात सापडली म्हणे. त्या पहिल्या कार्यक्रमाची, ज्याच्यानंतर तू आली नाहीस. मी आत कुरडयांचा चीक घोटत होते. हल्लीचे सगळे ही बंदिश 'ताहि रे' अशीच गातात, ज्ञानेशसुद्धा, आणि मीही तेच ऐकत आले. पण कॅसेटमध्ये यांचा तरणा आवाज होता, शब्द कसे नाण्यासारखे खणखणीत. आणि अंतऱ्यात आलं, "ताहेरा पायो मन माँही."

ताहि रे नाही. ताहेरा!

चीक बुडाला लागला तरी मी हलले नाही. पुन्हा आलं. ताहेरा. हा माणूस भर सभेत, मला पहिल्या रांगेत बसवून, तुझं नाव घेत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. माझं नाव या माणसाने जन्मात कधी बंदिशीत घातलं नाही. घालायचं म्हटलं असतं तर 'जयमाला' काय ब्रजभाषेत बसली नसती? बसली असती की.

मंडळी गेल्यावर विचारलं. तर म्हणतात, "अगं, 'ताहि' म्हणजे त्यालाच. ब्रज आहे ते. तुला कळायचं नाही." मला ब्रज कळत नाही, मान्य. पण नवऱ्याचा आवाज कधी बारीक होतो ते कळतं.

म्हणून तुलाच विचारते. तुमच्यात काय होतं? लांबण लावू नकोस. होतं तर होतं म्हण, नव्हतं तर नव्हतं. ही फिल्म गावभर दाखवतील. उद्या दुसऱ्या कुणाच्या कानाला ऐकू आलं, तर लोक तोंडावर पदर घेऊन मला हसतील. सत्काराची साडी मी कोणत्या तोंडाने नेसू?

जयमाला
(उत्तर लिहिलंस तर काकू म्हणू नकोस.)


भोसरी
२५ एप्रिल

ताहेराबाई,

तुमचं कार्ड पोचलं. केवढा तो मजकूर! "काकू, कॅसेट आहे ना? अंतरा पुन्हा ऐका. आणि त्याआधी अस्ताई." झालं. खाली सही. मी दोन पत्रं पोट उघडं करून लिहिली आणि तू मला गृहपाठ दिलास. गुरुजींची शिष्या शोभतेस. तेही असंच करायचे, काही विचारलं की म्हणायचे, पुन्हा ऐक.

संतापाने कार्ड फाडणार होते. फाडलं नाही, कारण अक्षर अजून तसंच आहे, 'क'चं शेपूट लांब ओढलेलं.

मग ज्ञानेशकडून कॅसेट माझ्या फोनवर घेतली. त्याने विचारलं, "कशाला हो काकू?" म्हटलं, स्वयंपाक करताना ऐकायला. त्याला केवढं कौतुक वाटलं! गच्चीवर कुरडया घालताना फोन पाण्याच्या कळशीवर ठेवला आणि ऐकलं. तुझ्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या समाधानासाठी.

अस्ताई, म्हणजे सुरुवातीच्या ओळी, आहे, "तपत दुपहरी छाँह न कोई, पगवा जरत, डगर ना सूझे." तापलेली दुपार, सावली नाही, पाय भाजतायत, वाट सुचत नाही. एवढी ब्रज मला कळली, कारण गच्चीवर माझेही पाय भाजत होते.

आणि एकदम मला तुझे पाय आठवले.

यांची तेव्हा सेकंड शिफ्ट असायची, म्हणून तुझी शिकवणी सकाळी. एक दिवस यांना पहिल्या शिफ्टला बोलावलं होतं, निरोप तुला पोचला नाही, आणि तू येऊन तशीच परत गेलीस. भर दुपारी पुन्हा आलीस. भोसरीच्या स्टॉपवर चप्पल तुटली होती आणि डांबरावरून अनवाणी चालत आली होतीस. दारात उभी राहून कशीबशी हसत होतीस. मी मोरीत बसवून तुझ्या पायांवर माठातलं पाणी ओतलं. तू आधी 'स्स' केलंस आणि मग त्या पाण्याबरोबर काहीतरी गुणगुणायला लागलीस. मी म्हटलं, पाय भाजलेत आणि गाणी काय सुचतायत तुला! तू म्हणालीस, "काकू, जरा थांबा ना, विसरेन मी."

तेव्हा हे कंपनीत पंख्याखाली बसले होते. यांचे पाय कुठे भाजले?

कुरडया तशाच टाकून मी खाली आले आणि भांड्यांची मांडणी बघत उभी राहिले. वरच्या फळीवर तुमच्या घरचा डबा आहे. शेवटच्या ईदला तू शिरखुर्मा आणलास तो, झाकणाचा. त्यावर मशीनने नाव घातलंय, 'अकबर शेख'. इतकी वर्षं त्यात मी साबुदाणा भरते. पण कुणी विचारलं डबा कुणाचा, तर मी माझा म्हणेन का? डबा आमच्याकडे, साबुदाणा आमचा, रोज हात माझा लागतो, तरी डबा तुझ्या अब्बांचाच. भांड्यावर नाव घालतात ते काय प्रेमाने? दुसऱ्याच्या घरी गेलं, तरी फिरून आपल्या घरी यावं म्हणून घालतात.

मग बंदिशीतलं नाव तरी आणखी कशासाठी घालतात!

ऊधोची बंदिश तर ऊधो. ताहेराची बंदिश तर ताहेरा. एवढी साधी गोष्ट. मी मूर्ख, मला वाटलं नाव प्रेयसीचं आहे. ते तर मालकिणीचं होतं.

आता सांग, बरोबर ऐकलं का मी? या वेळी कार्ड नको, पत्र लिही. आणि एक गोष्ट लक्षात ठेव. मी माफीबिफी मागत नाही. तुला मी तोंडाने कधी काही बोलले नव्हते. मनात बोलले, ते मनातच फिटलं.

जयमाला


भोसरी
३ मे

ताहेरा,

तुझं पत्र यायच्या आधीच मी यांना विचारलं. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही.

डबा काढला, साबुदाणा पातेल्यात ओतला आणि रिकामा डबा यांच्यासमोर पेपरवर ठेवला. म्हटलं, वाचा.

"अकबर शेख," हे म्हणाले. "काय झालं?"

"डबा कुणाचा?"

"त्यांचाच की."

"आणि 'ताहेरा पायो मन माँही' कुणाची?"

ताहेरा, माणसाने एखादं सोंग फार वर्षं धरलं की ते उतरवताना त्याला हलकं वाटत असावं. यांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. मग म्हणाले, "तिचीच. अक्षर न् अक्षर तिचं. मी फक्त समेची जागा जरा सरकवली."

मग एकेक सांगितलं. तू ती म्हणून दाखवलीस, तेव्हा यांना झोप लागेना म्हणे, इतकी ती चांगली होती. कार्यक्रमात गाऊ का म्हणून तुला विचारलं, तू हो म्हणालीस. तोवर सगळं सरळ. लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि मग संयोजकांनी माईकवर सांगितलं, "ही खुद्द उद्धवरावांची रचना." टाळ्या पडल्या. हे नमस्कार करत राहिले. तू मागे तंबोरा घेऊन बसली होतीस.

"मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं," हे म्हणाले. "वाटलं, उद्या बोलू. उद्या ती आलीच नाही. पण जया, नाव मी कधी गाळलं नाही. प्रत्येक वेळी तिचंच नाव गायलो. लोकांनी 'ताहि रे' ऐकलं, त्याला मी काय करू?"

बघ कशी पळवाट! नाव गाळलं नाही म्हणे. लोकांनी चुकीचं ऐकलं तर तुम्ही दुरुस्त केलंत का? ज्ञानेशने 'ताहि रे' लिहून घेतलं तेव्हा मान डोलवलीत. ती पोरगी 'अहंकार गळाला' म्हणाली तेव्हा डोळे मिटलेत. मी कॅसेट ऐकून विचारलं, तर मला ब्रज शिकवलीत!

खरं सांगते, माझा संशय खोटा निघाला याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालासुद्धा, चहा उकळेपर्यंत. मग वाटलं, लफडं असतं तर मी भांडले असते, माहेरी गेले असते, पुन्हा आले असते. बायकांना त्याची रीत ठाऊक असते. पण हा माणूस चोरी करील, असं माझ्या स्वप्नात आलं नव्हतं. दुकानदाराने जास्त पैसे परत दिले तर उन्हातून मागे जाणारा माणूस हा.

आणि माझी अडचण तुला सांगू? सत्कार हवाय मला. यांचा पहिला आणि शेवटचा. फिल्म त्याच एका बंदिशीवर उभी आहे. ती काढली तर यांच्या बाकीच्या बंदिशी ऐकायला कोण थांबणार आहे? मी गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही. तू तर इतकी वर्षं बोलली नाहीस.

का बोलली नाहीस गं? याचाही मला संशय येतो. यांची लाज राखलीस, की आम्ही कुणी ऐकणार नाही याची खात्री होती?

मी यांना सांगितलंय, महोत्सवाच्या आधी स्वतःच्या तोंडाने दिव्याला सांगा. हे हो म्हणाले. त्यानंतर ती दोनदा येऊन गेली. एकदा यांचा घसा बसला होता, एकदा कॅमेरेवाल्याला घाई होती. मी दारामागे उभी राहून दोन्ही वेळा ऐकलं.

जयमाला


भोसरी
११ मे

चि. ताहेरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र महोत्सवाच्या सकाळी आलं. साडी नेसायच्या आधी वाचलं आणि पदरात खोचलं. "काकू, मी वाट बघत होते की गुरुजी बोलतील. नंतर वाट बघायची सवय झाली." हे वाचून मी रडले नाही, कारण काजळ घातलं होतं. राग मात्र आला. तुझा नाही.

आता काल काय झालं ते ऐक. रिझवानने काही सांगितलं असेल, पण तो मागे उभा होता.

दुपारचं सत्र होतं, सारंगाची वेळ. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हॉलमध्ये एसीने माझे हात गार. हे छान गायले. वय जाणवलं, पण छान गायले. त्या बंदिशीच्या अंतऱ्यावर आले, तेव्हा मी कान टवकारले. 'ताहेरा' म्हणाले, अगदी स्वच्छ. लोक म्हणाले, वाहवा. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "काय हो ते 'ताहि रे', काळजाला हात घातला!" ऐकू आलं की नाही, ते आपण काय ऐकायला बसलोय त्यावर असतं.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, पगडी. यांच्या हातात माईक दिला. गुरूंचे आभार झाले, कंपनीतल्या साहेबांचे झाले, माझे झाले. मग म्हणाले, "या बंदिशीबद्दल मला एक सांगायचंय..." आणि थांबले. यांनी पाणी प्यायलं, समोरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रसिकांनी तिला फार प्रेम दिलं. धन्यवाद."

संपलं. पाण्याबरोबर गिळून टाकलं.

तेवढ्यात ती सूत्रसंचालन करणारी, गजरा घातलेली, मला वर घेऊन गेली. माझी ओटी भरली. आणि लाडात येऊन म्हणाली, "काकू, आता कॅमेऱ्यासमोर एक छानसा उखाणा होऊन जाऊ दे! नाव घ्या, नाव!"

सगळा हॉल ओरडायला लागला, नाव घ्या, नाव घ्या.

देवाशपथ सांगते, मी काही ठरवून गेले नव्हते. पण एवढे लोक एका सुरात नाव मागतायत म्हटल्यावर मला दुसरं कुठलं नाव आठवेचना. माईक घेतला आणि म्हटलं,

"तापल्या दुपारी सारंग, सावली नाही पायाला,
बंदिश बांधली ताहेराने, उद्धवराव लागले गायला."

आधी हशा आणि टाळ्या. उखाणा म्हटलं की लोक शब्द ऐकतच नाहीत. मग टाळ्या विरळ झाल्या. कुणीतरी म्हणालं, "कुणी बांधली?" गजरेवाली हसतच होती, पण तिचं हसू कुठं ठेवावं तिला कळेना. ज्ञानेश खुर्चीतून अर्धा उठला. दिव्या कॅमेऱ्याशेजारी होती, तिने कॅमेरेवाल्याचा दंड धरला. बंद कर म्हणून की चालू ठेव म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

मी यांच्याकडे बघितलं नाही. एवढ्या वर्षांनी यांच्या अंगावर शाल पडली आणि मी तिलाच हात घातला होता.

यांनी माझ्या हातातून माईक घेतला. म्हणाले, "खरं आहे. ही माझी नाही. ताहेरा अकबर शेख, माझी शिष्या, तिची आहे. अंतऱ्यात तिचं नाव आहे. ते 'ताहि रे' नाही." आणि पुन्हा बसून, पेटी-तबल्याशिवाय, नुसता अंतरा म्हटला. प्रत्येक अक्षर सुटं करून. ता-हे-रा. पहिलीच्या पोरांना शिकवतात तसं. या खेपेला वाहवा नाही आली. लोक शब्द ऐकत होते.

खाली उतरताना यांनी माझा हात धरला. घरी येऊन शाल घडी करून कपाटात ठेवली. आज सकाळी इस्त्रीवाल्याशी भांडले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माझ्यावर रागावलेत की नाही, कळत नाही. लक्ष ठेवून आहे.

दिव्या आज येऊन गेली. डोळे सुजलेले. फिल्मचं काय करायचं माहीत नाही म्हणाली, पण तुझा पत्ता मागितला. मी दिला. कार्यक्रमातलं ते सगळं ही मुलगी कापून टाकील, असं मला अजूनही वाटतं. मी तशीच आहे. म्हणूनच तुला लेखी कळवतेय, म्हणजे कुणी कापलं तरी तुझ्याकडे राहील.

रिझवानबरोबर डबा पाठवलाय. घासून लख्ख केला, नाव छान दिसतंय. डबा रिकामा परत करू नये म्हणतात, म्हणून कुरडया घातल्यात. त्या दिवशी गच्चीवर टाकून आले होते त्याच आहेत, थोड्या वाकड्या वाळल्यात, पण तळल्या की कळत नाही. हे दारात येऊन विचारत होते, तिला लिहितेस का. म्हटलं, तुम्ही वेगळं लिहा, माझ्या पत्रात तुमचा मजकूर नको. पाटीवर कागद घेऊन बसलेत मघापासून. वर 'चि. ताहेरा' एवढंच झालंय.

आणि एक महत्त्वाचं. ती मंडळी तुझ्याकडे मिरजेला कॅमेरा घेऊन येतील. नाव विचारतील. लाजून तोंडातल्या तोंडात सांगू नकोस. मोठ्याने सांग आणि दोनदा सांग. इकडच्या लोकांचे कान तुला माहीत आहेत.

तुझी,
काकू